प्रति: मंडळीचा आवाज हा दोष नव्हे
हिलसाँग या ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती चर्चच्या १९९६ सालच्या ‘शाउट टू द लॉर्ड’ या थेट ध्वनिमुद्रित अल्बममध्ये मंडळीच्या, म्हणजे उपासनेला जमलेल्या भाविकांच्या, आवाजाने मुख्य गायिका डार्लीन चेक यांचा स्वर झाकोळतो आणि ध्रुवपद उगाच पुन्हा पुन्हा येते, हे आक्षेप मला मान्य नाहीत. उपासनेत मंडळी श्रोता नसते, ती स्वतः गात असते. म्हणूनच अशा ध्वनिमुद्रणात समुदायासाठी वेगळे मायक्रोफोन लावून तो आवाज मुद्दाम राखला जातो. शीर्षकगीत त्याआधी १९९४ च्या ‘पीपल जस्ट लाइक अस’मध्येही आले होते, आणि मला तेही तितकेच प्रिय आहे. ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीचे म्हणाल, तर शब्द पाठ झाल्यावरच नजर गीताचे शब्द दाखवणाऱ्या पडद्यावरून हटते आणि गाणाऱ्याचे मन प्रार्थनेत स्थिरावते. ध्रुवपदाची ओळ चौथ्यांदा येते तेव्हा वाद्ये मंदावू द्यावीत आणि केवळ कंठस्वर ऐकावेत.