प्रतिसाद: संप, निकाल आणि प्रगतिपुस्तक

वर कुणीतरी लिहिलंय, की शिक्षकांचा संप झाला की मुलांचे निकाल लटकतात. मार्च २०२३ आठवून बघा. जुन्या पेन्शनसाठी (१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना ती मिळत नव्हती) १४ तारखेला शिक्षकांसह राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे पडलेले. २० तारखेला संप मिटला. तरी बारावीचा निकाल २५ मे आणि दहावीचा २ जूनला लागलाच. बोर्डाच्या तारखेवर सगळ्यांचा डोळा असतो, ती कशीबशी सांभाळली जाते.

फटका बसतो तो खालच्या वर्गांच्या प्रगतिपुस्तकाला. त्यातल्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे मुलाबद्दल शब्दांत लिहायचे शेरे, वर्षभर मुलाकडे बघून लिहायच्या असतात. त्या मग शेवटी एका बैठकीत उरकल्या जातात. माझ्या भाचीच्या पुस्तकात त्या वर्षी ‘वर्गात नियमित उपस्थित राहतो, चित्रे छान काढतो’ असं होतं. मुलगी आहे हो ती! आणि चित्रकलेच्या वहीला हातही लावत नाही.

पण याचं खापर एकट्या संपावर फोडू नका. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यातही बाईंचे दिवस जातातच. त्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढलेला नाही.