मदत हवी आहे : ओल्या झाडांचं वजन आणि कोठडीतला जबाब

नमस्कार मंडळी, मी शिरपूर तालुक्यातला. मावसभावाच्या पिकअपमध्ये २२ किलो गांजा सापडला, असं पंचनाम्यात लिहिलंय. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण (म्हणजे मोठ्या शिक्षेचं वजन) लागतं, मग एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३७ मुळे जामीन अवघड. पण मुळं-खोडांसकट ओली झाडंच तोललीत! कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे ना? नमुनेही जागेवरच काढले, कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नाहीत. नुसत्या तेवढ्यावर सुटका होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये म्हटलंय, म्हणून धास्ती वाटते. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हे ठाऊक आहे. तरी कोठडीत घेतलेल्या कबुलीजबाबावर मावसभावाची सही पाहून मावशीनं अन्न टाकलंय. वजनाचा मुद्दा जामिनातच मांडावा, की खटल्यात? धुळ्याच्या कोर्टात असा खटला चालवलेले कोणी वकील असतील तर कृपया सांगा.