चौसष्टाव्या वर्षी जिममध्ये जड वजन उचलावं का? ट्रेनर एक किलोच्या पुढे जाऊच देत नाही

मोगरा_नाशिक:
पोस्टातून निवृत्त झालेय, वय ६४. मध्यंतरी हाडांची डेक्सा तपासणी केली, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुणपणीच्या हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती विरळ, तो आकडा) उणे २.१ आला. डॉक्टर म्हणाले, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळ्या लिहून दिल्या आणि वजनाचे व्यायाम करा म्हणाले. न्हाणीघरात पडून माझ्या आईचा खुबा मोडला होता, त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. म्हणून मी निमूट कॉलनीतल्या जिमची फी भरली.

ट्रेनर पोरगा गोड आहे, पण सायकलवर बसवतो आणि मग हातात एक किलोचे गुलाबी डंबेल देतो. "आजी, आपल्याला काय बॉडी बनवायचीय?" अरे बाबा, घरी भरलेला सिलिंडर मीच गॅलरीतून ओट्याखाली आणते, तो तीसेक किलो भरतो! ह्यांचं म्हणणं, चालतेस, योगासनं करतेस, पुरे की, गुडघे घालवशील. सून म्हणते, कराच. शेजारच्या वहिनींना काळजी आहे ती माझे दंड पुरुषासारखे होतील याची.

तर या वयात खरंच जड उचलता येतं का? आणि त्या पोराला न दुखावता हे सांगायचं कसं?

रानवाटा:
काकू, चालणंच उत्तम. माझी आई सत्तरीची आहे, रोज चालते, ठणठणीत आहे. जड उचलताना मणका गेला तर केवढ्याला पडेल?

जास्वंद_कोल्हापूर:
रानवाटा, आईला माझा नमस्कार सांगा आणि हात न टेकता तिला जमिनीवरून उठता येतं का तेवढं बघा. चालण्याने दम वाढतो, ताकद वाढेलच असं नाही.

मोगराताई, मी अडुसष्टची. आमच्याकडे गल्लोगल्ली तालमी. भाऊ पहाटे जोर-बैठका मारायचे, त्यांच्या थंडाईचे बदाम मी पाट्यावर वाटायचे, पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. घरात नळ नव्हता तेव्हा हंडा-कळशी माझ्याच डोक्यावर असायची. पोरीचे दंड पुरुषासारखे होतील, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

आता मी डेडलिफ्ट मारते, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार धरून सरळ उभी राहते. सुरुवात साध्या लाकडी काठीने. काठी पाठीवर उभी धरायची. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड असं तिन्ही जागी ती टेकलेली हवी. मग गुडघे जरा सैल सोडून, ढुंगण मागे ढकलत वाकायचं. एका जागी जरी काठी सुटली तरी पाठ गोल झाली समजा. आमची ट्रेनर खमकी, काठीवरून पुढे जाऊच देईना. मी जाम चिडायचे. मग केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा, मग रिकामा बार. रिकामा म्हणतात, पण तोच वीस किलोचा असतो हो! आता दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावते. बार नडगीला घासत वर येतो, म्हणून लांब पायजमा घाला, नाहीतर सोलवटतं. तळहातांना घट्टे पडलेत, ते मी भिशीत मिरवते.

वहिनींना सांगा, माझे ब्लाउज अजून त्याच मापाचे आहेत. पाळी गेल्यावर असलेले स्नायू राखतानाच नाकी नऊ येतात, फुगतात कुठले!

हरियाणाच्या भगवानी देवी २०२२ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी, फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या जागतिक मास्टर्स, म्हणजे ज्येष्ठांच्या, स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण घेऊन आल्या, वर गोळाफेकीचं कांस्य. त्यांना कुणी सायकलवर बसवून ठेवलं असतं तर?

फिजिओ_पुणे:
रानवाटा यांची भीती अनाठायी नाही, पण ती तपासून झालेली आहे. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची चाचणी झाली. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तज्ज्ञाच्या नजरेखाली, जड डेडलिफ्ट, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), बार डोक्यावर ढकलणं आणि उडी मारून जमिनीवर उतरणं. दुसऱ्या गटाला घरच्या घरी हलके व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाची कमरेच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. इजा म्हणाल तर एकीची पाठ किरकोळ धरली. मात्र पहिला महिना त्यांनाही हलक्यावरच ठेवलं होतं.

मोगराताई, मणक्याला आधी कधी बारीक फ्रॅक्चर झालेलं नाही ना, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. उंची कमी झाली असेल तर नक्कीच विचारा. बीपी ताब्यात हवं, उचलताना श्वास कोंडू नका. आणि योगवर्गात पाठ गोल करून पायाचे अंगठे धरायला लावत असतील तर ते बंद करा. विरळ मणक्याला नीट शिकलेल्या डेडलिफ्टपेक्षा त्याचाच धोका जास्त.

घरी एक करून बघा. हात छातीवर घेऊन खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईला बारापेक्षा कमी आलं तर पाय कमजोर आहेत.

ट्रेनरला दुखवायचा प्रश्नच नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने वजन वाढवणे' असं लिहून घ्या. त्या पोरांना बहुतेक वेळा तुम्ही पडाल याचीच धास्ती असते.

मोगरा_नाशिक:
तेरा आले! ह्यांनाही बसवलं, तर सातव्याला "फोन वाजतोय" म्हणून उठून गेले. चिठ्ठी सोमवारी आणते. जास्वंदताई, बूट कुठले घेऊ? माझ्याकडे चालायचे गुबगुबीत आहेत.

जास्वंद_कोल्हापूर:
ते नकोत, मऊ तळव्यावर तोल डळमळतो. सपाट तळव्याचे कॅनव्हासचे घ्या, स्वस्तातले चालतात. मी तर जिमने परवानगी दिल्यापासून अनवाणीच उचलते.