कॅन्युला वारंवार निकामी होते : सल्ला हवा आहे

रात्रपाळी :
मी प्रौढ रुग्णांच्या मेडिसीन वॉर्डात परिचारिका आहे. इंजेक्शनांचा कोर्स संपण्याआधीच कॅन्युला (औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद पडते, हाताला सूज येते किंवा शीर लाल होऊन दुखू लागते, आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. दर 72 तासांनी कॅन्युला बदलण्याचा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो, तरीही फरक पडत नाही. नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

जुनी_सिस्टर :
ताई, नुसते घड्याळ पाहून शीर वाचत नाही. ऑस्ट्रेलियातील 3,283 रुग्णांच्या, 2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदललेल्या आणि गरज दिसली तेव्हाच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरेचा दाह सारखाच, म्हणजे सुमारे 7 टक्के आढळला. मात्र ‘गरज दिसली तेव्हा’ याचा अर्थ प्रत्येक पाळीत कोणीतरी ती जागा डोळ्यांनी पाहिली आणि बोटांनी चाचपली पाहिजे, नाहीतर ही मुभा निष्काळजीपणाचे निमित्त ठरते. तातडीच्या वेळी निर्जंतुकीकरण धड न होता घातलेली कॅन्युला मात्र 48 तासांच्या आत बदलावीच.

माझ्या मते निम्मी लढाई जागा निवडतानाच जिंकली किंवा हरली जाते. मनगट आणि कोपराची खोबण सोपी वाटते, पण रुग्णाने हात वाकवला की नळी आतल्या आत शिरेच्या भिंतीला घासत राहते. म्हणून कोपर ते मनगट यांच्या मधली सरळ शीर शोधावी आणि काम भागेल इतकी बारीक कॅन्युला घ्यावी. साध्या सलाईनसाठी निळी 22 नंबरची बहुधा पुरते. त्याहून जाड हिरवी 18 नंबरची कशाला? क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल हे जंतुनाशक त्वचेला लावल्यावर ते पूर्ण सुकू द्यावे, फुंकर मारू नये. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर तिसरा प्रयत्न सहकाऱ्याने करावा. यात कमीपणा नाही.

रात्रपाळी :
आभारी आहे. फ्लशिंग, म्हणजे सलाईन सोडून नळी धुणे, आम्ही औषध दिल्यानंतरच करतो. ते पुरेसे आहे का?

औषधकपाट :
नाही. औषधाआधी फ्लश केल्याशिवाय नळी शिरेतच आहे याची खात्री कशी पटणार? सलाईन 10 मिलिलिटरच्या सिरिंजने थांबत थांबत सोडावे, कारण लहान सिरिंजमध्ये दाब जास्त निर्माण होतो. अडथळा जाणवल्यास जोर लावू नये. व्हँकोमायसिन किंवा पोटॅशियम क्लोराइड यांसारखे शिरेला त्रास देणारे औषध चालू असेल तर वेग आणि तीव्रता दोन्ही तपासावीत. दाहक औषध शिरेबाहेर गेल्याची शंका आली तर इन्फ्यूजन लगेच थांबवावे, पण कॅन्युला घाईने उपसू नये : आधी तिच्यातूनच आतले औषध जमेल तितके ओढून घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

जुनी_सिस्टर :
एक राहिले. जिच्यातून काहीच चालू नाही अशी कॅन्युला ‘उद्या लागेल’ म्हणून ठेवू नये. 72 तासांचा लेखी नियम आपण एकट्याने मोडू नये. संसर्ग नियंत्रण समितीपुढे मांडावा, आणि तोवर दर पाळीची नोंद आजपासूनच सुरू करावी.