एचएसबीसी: पुण्यात शाखा शोधावी लागते, मग जगात एवढी मोठी कशी?

रूपाली_कॅम्प
पुढच्या महिन्यात एचएसबीसीच्या पुण्यातल्या टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये रुजू होतेय. आजीने विचारलं, "ही कुठली गं बँक? आपल्याकडे तर कुठे दिसत नाही." म्हटलं, जगातल्या मोठ्या बँकांपैकी आहे, सुमारे 3 लाख कोटी डॉलरची मालमत्ता. तर म्हणे, "मग पासबुक कुठे छापून मिळतं?" हसले, पण उत्तर मलाही येईना. नावात हाँगकाँग-शांघाय, मुख्यालय लंडनला. मोठी झाली ती कशावर?

निवृत्त_कारकून
पासबुकावर नाही, बिलांवर! मशीद बंदरच्या एका निर्यातदाराकडे 31 वर्षं एक्स्पोर्टचे कागद केले, म्हणून सांगतो.

1865 चं हाँगकाँग. पी अँड ओ जहाज कंपनीचा तिथला माणूस थॉमस सदरलँड. व्यापार दणकून चाललेला (त्यात अफूही होती, लपवण्यात अर्थ नाही), पण बँका सगळ्या बाहेरच्या. म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःची काढली आणि महिन्याभरात शांघायलाही दार उघडलं. स्थापनेच्या समितीत पारशी व्यापारी होते आणि आर्थर ससूनही. हो, तुमच्या ससून हॉस्पिटलच्या डेव्हिड ससूनचा मुलगा.

आजींना असं सांगा. सोलापूरचा टॉवेल हॅम्बर्गला निघालाय. तिथला गिऱ्हाईक मालाआधी पैसे सोडत नाही, आपला शेठ हमीशिवाय माल सोडत नाही. मग त्याची बँक एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडते आणि आपण आपल्या बँकेत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) देतो. बँक माल बघत नाही, कागद बघते. एकदा एलसीत 'टेरी टॉवेल्स' होतं आणि मी नुसतं 'टॉवेल्स' टाइप केलं. बँकेने (कुठल्या ते विचारू नका) डिस्क्रिपन्सीचा, म्हणजे कागद एलसीशी जुळत नसल्याचा, शेरा मारून सगळा गठ्ठा परत केला. जहाज सुएझपार आणि मी तोच इनव्हॉइस पुन्हा ठोकतोय. शेठनी दिवसभर चहा विचारला नाही.

अशा व्यवहाराची दोन्ही टोकं जिच्या हातात, तिचं गल्लीत शाखा नसली म्हणून काय अडतं?

बाकीची वाढ विकत घेऊन. 1959 ला मर्कंटाइल बँक घेतली, ती मूळची 1853 ची, आपल्या मुंबईची. मग अमेरिकेत मरीन मिडलंड, 1992 ला इंग्लंडातली मिडलंड. लगेच 1993 ला मुख्यालय लंडनला हललं. 1997 ला हाँगकाँग चीनकडे जायचं होतंच.

अवांतर: भारतातलं पहिलं एटीएम यांचंच, मुंबईत, 1987.

खडूस
काका, विकत घेण्याचं कौतुक पुरे. 2003 मध्ये अमेरिकेतली हाउसहोल्ड ही कर्ज देणारी कंपनी घेतली आणि सबप्राइमच्या, म्हणजे पत कमी असलेल्यांना दिलेल्या, कर्जांत हात पोळले. 2012 ला मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या पैशाला वाट मोकळी ठेवली म्हणून अमेरिकेने 1.9 अब्ज डॉलर भरायला लावले. 'जगाची स्थानिक बँक' म्हणून विमानतळांवर जाहिराती लावायचे, आणि 2024 या एका वर्षात फ्रान्सचा रिटेल धंदा, कॅनडा, अर्जेंटिना सगळं विकून मोकळे. गल्लीतला ग्राहक यांना कधी जमलाच नाही.

चिमसाचुईकर
खडूसराव, हाँगकाँगला येऊन बघा, मग बोला. इथे तर नोटाही ही बँक छापते, त्यावर सिंह असतो. मुख्य इमारतीसमोर ब्राँझचे दोन सिंह आहेत, स्टीफन आणि स्टिट, जुन्या मॅनेजरांच्या नावाचे. स्टीफन डरकाळी फोडतोय, स्टिट गप्प. युद्धात जपान्यांनी वितळवायला नेले होते, वाचून परत आले. अंगावर गोळ्यांचे खड्डे आहेत, बोट घालून बघता येतात. रविवारी इमारतीखाली फिलिपिनो घरकामवाल्या बायका पुठ्ठे अंथरून डबे खात बसतात, गर्दी एवढी की सिंहांपर्यंत पोचणं मुश्कील.

निवृत्त_कारकून
@खडूस, अमेरिकेचं मान्य. पण भारतात उलटी गंगा आहे. 2025 च्या सुरुवातीला 20 नव्या शाखांना रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळाली. त्यात नाशिक, नागपूर, नवी मुंबई आहेत. अर्थात डोळा पैसेवाल्यांवर आणि परदेशातल्या भारतीयांवर, पेन्शनवाल्यांवर नाही.

रूपाली_कॅम्प
काका, एलसीचं आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे हुंडीच की! माझ्या वडिलांची गुळाची अडत होती, मला काय सांगता?" आता तिला एकच काळजी लागलीये, टेरी टॉवेल्सचे पैसे शेवटी आले का?

निवृत्त_कारकून
आले. 17 दिवस उशिरा, व्याज शेठच्या खिशातून.