आयएमएफमध्ये आपलं मत एवढंसंच का?

अभ्यासिकावाला: पार्क चौकात चहावर काल लई वाद झाला. आयएमएफमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, अमेरिकेकडं 16.5 टक्के मतं अन् आपल्याकडं 2.6 च्या आसपास, असं का ओ?

जुना सभासद: आपल्या पतसंस्थेत शेअर हजाराचा असो की लाखाचा, सभेत मत एकच. तिकडं जितका कोटा (देशाचा नाणेनिधीतला पैशाचा वाटा) तितकी मतं, अन् मोठ्या बदलाला 85 टक्के लागतात म्हणजे अमेरिका एकटी नाही म्हणली की विषय संपला. 2010 ला ठरलेला कोटाबदल लागू व्हायला 2016 उजाडलं, बोला आता.

टॉवेलवाला: मला डब्ल्यूटीओचं (जागतिक व्यापार संघटनेचं) जास्त टेन्शन, आमचा माल बाहेर जातो. 2019 च्या डिसेंबरपासून अपील ऐकणारं मंडळच ठप्प, अमेरिका मेंबर नेमूच देत नाही, त्यामुळं केस जिंकली तरी हरलेला देश अपील टाकतो अन् फाईल लटकते. कोर्ट हाय पण जज नाय!

कडक भाकरी: भारताला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायमची सीट मिळाली की सगळ्या गरीब देशांचं भलं होईल, हे काय मला पटत नाही. आफ्रिकेचे 54 देश, कायमची सीट एकपण नाय, ते किमान दोन मागतायत, व्हेटोसकट (नकाराधिकारासकट).

अभ्यासिकावाला: पतसंस्थेचं उदाहरण स्पर्धा परीक्षेच्या मेन्सच्या (मुख्य परीक्षेच्या) पेपरात टाकलं तर चालेल का ओ?