विक्रेत्यांच्या गेमिंग कंपनीवर जीएसटीची थकबाकी आहे. जागा घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. जीएसटी वसुलीची प्रकरणे हाताळणाऱ्या, किंवा स्वतः अशी बोजा असलेली जागा घेतलेल्या सभासदांकडून मार्गदर्शन हवे आहे.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे दोघेही दंतवैद्य असून, इंदूरच्या विजय नगर भागात दवाखान्यासाठी त्यांनी एक जागा पसंत केली आहे. जागा विक्रेत्यांच्या वैयक्तिक नावावर आहे. मात्र ते ज्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे संचालक आहेत, ती कंपनी पैसे लावून खेळायचे ऑनलाइन पत्त्यांचे खेळ चालवीत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. कंपनीचे काम थांबले, पण कर थकलेलाच राहिला.

वकिलांनी काढलेला सर्च रिपोर्ट (रजिस्ट्रीच्या दप्तरातील नोंदींचा तपास) स्वच्छ आहे. बयाण्याची बोलणी चालू असताना विक्रेत्यांनीच डीआरसी-०७ ची, म्हणजे जीएसटीच्या मागणी आदेशाच्या गोषवाऱ्याची, प्रत आमच्यापुढे ठेवली. तीत कर, व्याज आणि दंड हे तिन्ही रकाने भरलेले आहेत आणि नाव केवळ कंपनीचे आहे. त्यांनी हे आपणहून सांगितले याबद्दल आम्हाला आदरच वाटतो, पण आमची खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८२ नुसार थकलेला कर, व्याज व दंड यांचा पहिला बोजा थकबाकीदाराच्या मालमत्तेवर बसतो, आणि त्यासाठी तो रजिस्ट्रीच्या दप्तरात दिसलाच पाहिजे असे नाही. कलम ८९ प्रमाणे खासगी कंपनीकडून वसुली होऊ शकली नाही, तर त्या काळातले संचालक वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतात. वसुली न होणे हे आपल्या घोर निष्काळजीपणामुळे, गैरवर्तनामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे घडलेले नाही, हे त्यांनीच सिद्ध करायचे असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०० बोजाची कल्पना नसलेल्या प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण देते, आणि अहमदाबाद महानगरपालिकेच्या करासंबंधीच्या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला होता. परंतु मागणीचा कागद डोळ्यांनी पाहिल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे बहीण-मेहुण्यांना कोणत्या तोंडाने म्हणता येईल? तसे म्हणण्याची त्यांची इच्छाही नाही.

म्हणून माझे सगळे लक्ष जीएसटी कायद्याच्या कलम ८१ वर आहे. कर देय झाल्यानंतर महसूल बुडवण्याच्या हेतूने केलेली विक्री सरकारच्या दाव्यापुढे रद्दबातल ठरते, मात्र योग्य अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेली असेल तर ती टिकते. कंपनीची नोंदणी केंद्रीय जीएसटीकडे असल्याने हा अर्ज माणिकबाग पॅलेसमधील कार्यालयात द्यावा लागेल, असे आमचे वकीलसाहेब म्हणतात, परंतु असा अर्ज त्यांनी स्वतः कधी केलेला नाही. मागणी कंपनीवर आणि जागा संचालकाची असताना विभाग अशी परवानगी देतो का, की आधी कलम ८९ खाली संचालकावर कारवाई झाली पाहिजे असे म्हणतो? खरेदीच्या रकमेतून थकबाकीइतका भाग विक्रेत्यांच्या हाती न देता थेट सरकारजमा करायचा आणि त्याच्या चलनाचा उल्लेख विक्रीपत्रात करायचा, अशी व्यवस्था कोणी केली आहे का? आणि पैसे भरल्यावर या जागेवर आपला दावा उरलेला नाही, असे लेखी पत्र विभागाकडून मिळते का?

दुसरी शंका जप्तीची आहे. डीआरसी-१६, म्हणजे जप्तीचा आदेश व विक्रीची नोटीस, निघाल्यावर तिची प्रत महसूल अधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथे बोजा नोंदवला जातो. सर्च काढल्याची तारीख आणि रजिस्ट्रीचा दिवस यांच्या मधल्या काळात असा आदेश आला, तर दिलेली रक्कम परत मिळण्यासाठी बयाणापत्रात नेमके कोणते कलम घालावे? ‘मालमत्ता निर्वेध आहे’ हे नेहमीचे वाक्य इथे पुरे पडेल असे मला वाटत नाही.

बयाणा अद्याप दिलेला नाही. विक्रेत्यांना दसऱ्यापूर्वी रजिस्ट्री हवी आहे आणि थकबाकीची रक्कम ठरलेल्या किमतीच्या आत बसते. डीआरसी-०७ मधील नावे झाकून प्रत इथे देण्यास ते तयार आहेत. कोणाला पाहायची असल्यास कृपया सांगावे.